खुंटीवरचा फ्रॉक

लाडक्या आईला तिच्या धाकटीचा बिळातून पापा.

मी मजेत आहे. प्राण्यांच्या या गावात कोल्हीणमावशी मला कुशीत घेऊन झोपते. नवं पिल्लू आलं की इथे सगळे त्याला चाटून आपला वास लावतात, म्हणजे ते घरचं होतं. मलाही लावला. किती गुदगुल्या झाल्या!

काल घरी आले होते. फाटकाशी आपल्या कुत्र्यानेच मला हुंगलं, दात विचकले आणि हाकलून दिलं. त्याच्या भुंकण्यात माझी हाक बुडाली. तू आतून ओरडलीस, "धर रे त्या कोल्ह्याला!" तुझा आवाज ऐकून बरं वाटलं.

दादा माझ्या पांघरुणात झोपतो का? झोपू दे.

खुंटीवरचा माझा फ्रॉक मात्र धुवू नकोस. माझा वास आता तेवढ्यातच उरलाय.

अजून तुझीच,
धाकटी