जामिनाची सही

चि. बेबीस आशीर्वाद,

या वयात शिंपीणबाईंशी लग्न करताय तर करा, पण त्यांच्या कर्जाला जामीन राहू नका, असं तू बजावलं होतंस. मी हो म्हणालो, पण मला राहवलं नाही. त्यांचं दुकान बुडालेलं, हप्ते थकलेले. काल गुपचूप बँकेत सही करायला गेलो. कर्जदाराचीही सही लागते म्हणून साहेबांनी त्यांनाच फोन करून बोलावलं!

त्या तडक आल्या. "अहो, मला नवरा हवाय, जामीनदार नको," असं सगळ्यांदेखत म्हणाल्या आणि कागद फाडला. "माझे हप्ते मी फेडीन. तुमचं घर तुमच्याच नावावर राहू द्या."

रात्री मी गाढ झोपलो. पत्र मात्र टाकत नाही. तू माझी बिनपाण्याने करशील. फोनवर एवढंच सांगेन: लग्नाला नक्की ये.

तुझे घाबरट बाबा