घराचं अर्थिंग

४ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझी लेक बारावीसाठी माझ्याकडे येऊन तीन महिने झाले. त्यात फुटलं ते असं: कप सहा, बश्या दोन, किटलीचं झाकण एक आणि माझी दाढीची वाटी. शिवाय तांब्याची पट्टी, चाळीस फूट वायर आणि मागच्या दारी खड्डा खणण्यात गेलेले माझे दोन रविवार. फोनवर तू लगेच रडायला लागतेस, म्हणून लिहून कळवतो.

खड्ड्याचं कारण ऐक. पोरगी सकाळी भलतीच धांदरट. कप उचलला की हात उडतो आणि कप फरशीवर. ओरडलो तर म्हणाली, मामा, हाताला झटका बसतो. आता जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून पुन्हा भरून देण्यात माझी बावीस वर्षं गेली. झटका म्हटलं की मला दुसरं काय सुचणार? टेस्टर घेऊन किटली, नळ, बेसिन सगळं तपासलं. करंट कुठेच नव्हता. तरी शंका नको म्हणून आख्ख्या घराचं अर्थिंग नवीन केलं.

दुपारी मात्र हीच पोरगी केसासारखी तार गुंडाळते आणि एक वेढा चुकत नाही. माझ्या कारागिरांना ते जमत नाही. बारावी झाली की कारखान्याच्या पाटीवर माझ्या नावाखाली तिचं नाव घालणार आहे. रात्री बाराला पुस्तक मिटते, साडेचारला मी उठवतो. मी असाच घडलो.

माझं म्हणशील तर कान शाबूत आहेत. बंद दाराआड मोटर फिरत असली तरी कुठल्या बाजूचं बेअरिंग गेलंय ते मी बाहेरून सांगतो. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालतात.

कपांपायी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
दादा

१२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कप मी पाठवून देईन, पण पोरीला साडेचारला उठवू नकोस. तिला झोप जास्त लागते. इथेही परीक्षेच्या दिवसांत सकाळी तिच्या हातातून फणी उडायची. एकदा दूध सांडलं, तेव्हा मी कापड मापायची पट्टी तिच्या हातावर मारली होती. गणवेशांची शिलाई अंगावर असली की माझंही डोकं ठिकाणावर नसतं.

लहानपणी मोटर कुठे आहे बघायला तू माझी बाहुली उसवली होतीस. पोरीला तेवढी उसवू नकोस.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
धाकटी

२० जुलै

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

घाबरू नकोस, पोरगी आता बरी आहे. परवा चाचणी परीक्षा होती, म्हणून रात्रभर जागली. सकाळी दात घासताना ब्रश उडाला, पाठोपाठ ती खाली. अंग ताठ, मग हातपाय आपटायला लागले, तोंडातून रक्त. जीभ चावली होती. रिक्षात घालून दवाखान्यात नेली.

डॉक्टर तरुण, बाहेर ही गर्दी. त्यांनी विचारलं, याआधी कधी झटके आले होते का. मी सांगितलं, मुळीच नाही, जे काय होतं ते मी अर्थिंग नवीन करून बंद केलं आणि माझ्या कारखान्यात तर बावीस वर्षांत कोणाला झटका बसलेला नाही. पहिलंच वाक्य ऐकून त्यांची मान कागदावर गेली होती. पहिलीच वेळ, असं त्यांनी लिहिलं. पोरगी काहीतरी सांगायला उठत होती, तिला मी पडून राहा म्हटलं. सगळी उत्तरं मीच दिली, तिला तोंड उघडावं लागलं नाही. गोळ्या दिल्यात, सकाळ-संध्याकाळ. मी स्वतः मोजून देतो.

काळजी माझ्यावर सोड.

तुझा,
दादा

११ ऑगस्ट

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताला पट्टी आहे आणि कागद धरता येत नाही. मामाचा पहाटेचा चहा करत होते. हात उडाला आणि किटलीतलं उकळतं पाणी बोटांवर आलं. मामा आधी माझ्याकडे धावला, मग टेस्टर घेऊन किटलीकडे.

गोळ्या सुरू झाल्यापासून हे वाढलंय. आधी एखादा यायचा, आता सकाळी सात-आठ येतात. उठल्यावर पहिल्या तासातच. झोप कमी झाली की जास्त. बाहेरून कोणी हात ओढल्यासारखं वाटतं, पण मी शुद्धीत असते. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलंय. मामाला सांगितलं, तर अजून कुठून करंट येतोय म्हणून त्याने स्वयंपाकघराची भिंत फोडली. तो वाईट नाही गं. पण झटका म्हटलं की तो भिंतीकडे बघतो, माझ्याकडे नाही.

मला एवढंच हवंय, की कोणीतरी मला विचारावं.

तुझी,
लेक

१८ ऑगस्ट

ती. दादास,
न. वि. वि.

पोरीचं पत्र आलं. करंट तिच्या अंगात होता आणि तू जमीन खणत होतास. मीही काही वेगळी नाही, मी तर त्याच हातावर पट्टी मारली. पण मी मारलं तेव्हा ती रडू तरी शकली. तुझ्याकडे तिला बोलताही आलं नाही.

तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे ने. वही बरोबर दे आणि तिथे तू गप्प बस. हातातले गणवेश पोचवले की मी तिला न्यायला येते.

माया शिल्लक आहे का, ते आल्यावर बघू.

धाकटी

३० ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद. तुला ते नको असतील, तरी देतो.

तू सांगितलंस तसं नेलं. डॉक्टरीणबाई वयस्क आहेत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की सकाळी हातातून काय काय पडतं. पोरीने वही पुढे केली. मग डोक्याला तारा लावून आलेख काढला, समोर दिवा लुकलुकवला, आणि कागदावर ते झटके दिसले.

हा मिरगीचाच एक प्रकार, वयात येताना सुरू होतो. सकाळचे ते झटके हीच त्याची खूण. आधीची गोळी दुसऱ्या प्रकारच्या मिरगीला चालते, या प्रकारात ती झटके वाढवते. म्हणजे रोज मोजून मी तेच देत होतो. पहिल्या डॉक्टरांना हे झटके कोणी सांगितले असते, तर ती गोळी त्यांनी लिहिली नसती, असं बाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या. आता गोळी बदलली आहे. बहुतेक जन्मभर घ्यावी लागेल आणि पुरती झोप हेही औषधच. सहा दिवस झाले, कप फुटलेला नाही.

बोटांचं मात्र वाईट आहे. डाव्या हाताची दोन बोटं कातडी आखडून वाकलीत. व्यायाम देतात, पण बारीक तार धरता येईल असं कोणी म्हणत नाही. पाटी रंगाऱ्याकडे तयार आहे. ती मी आणलेली नाही. पोरीनेही विचारली नाही.

ये आणि ने तिला. अडवणार नाही.

दादा

ता. क. बाईंनी विचारलं तेव्हा उत्तर द्यायला मीच तोंड उघडलं होतं. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. पोरगी आत अर्धा तास बोलत होती. मी दाराला अगदी लागून बसलो होतो. मला काही ऐकू आलं नाही.