चांदणीच्या मधलं लाल ठिगळ

माय,

आज रविवार. सकाळपासून वाकळ मांडीवर घेऊन बसले आहे आणि आता दुपारचे तीन वाजलेत. तुला जाऊन चोवीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. तू असताना लिहिल्या असत्या तरी तू त्या कुणाकडून तरी वाचून घेतल्या असत्यास आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला पाठ झाल्या असत्या. दमले आहे गं. दवाखान्यातली नोकरी संपायला दीड वर्ष आहे, पण गुडघे माझ्याआधीच रिटायर झालेत. तुझी नात बाळंतपणाला इथे परभणीला माझ्याकडे आलीय, सातवा लागलाय. तिचा एकच हट्ट. "मम्मी, बाळाला दुकानातलं काही नको. आज्जीनं मला शिवली होती तशीच वाकळ पाहिजे. मधी चांदणी, अन् चांदणीच्या बरोब्बर मधी ते लाल गोल." तिला वाटतं ती तुझी नक्षीच होती. मैत्रिणींना फोटो दाखवून सांगते, आमच्या आज्जीची पद्धत आहे ही. मी आजवर मूग गिळून बसले.

तीन रविवार माझी चांदणी जमत नव्हती. जुनेर लुगडं मऊ पडलेलं, त्यातून शंकरपाळ्याच्या आकाराचे आठ तुकडे कापायचे, ते तिरके म्हणून बोट लावलं की ताणतात. दोन-दोन जोडले, चार-चार झाले, दोन अर्धे समोरासमोर ठेवून कडेपासून शिवत आले की आठ टोकं एका जागी यायला तयार नाहीत, मधे भोक. दोरा बदलला, सुई बदलली, उजेडाला नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! बाळंतिणींना, पडलेल्यांना, भाजलेल्यांना टाके घालताना डॉक्टरांशेजारी उभं राहून माझं आयुष्य गेलं, आणि चिंधीचे आठ तुकडे मला ऐकेनात.

मग तो शनिवार आठवायचा राहत नाही. मी चौदा वर्षांची, गंगाखेडला होस्टेलात. तुम्ही सगळे दिवाळी झाली की राणीसावरगावाकडचं घर बंद करून ऊसतोडीला जायचात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी यायचात. जाताना तू मला दरवर्षी एक वाकळ द्यायचीस. त्या वर्षी राहिली होती, म्हणून उसाच्या फडावरच, पाचटाच्या कोपीत बसून, दुपारच्या भाकरीनंतर तू ती शिवत आणलीस. आणि कोयता डाव्या हाताच्या बोटावर बसला. ऊस धरायचं ते बोट, आणि चांदणीची टोकं दाबून धरायचंही तेच. बोट चिघळलं तशी टोळीनं तुला ट्रकमध्ये बसवून गावी पाठवलं. निरोप मिळाला म्हणून मी सुट्टीला घरी आले, तर तू ओट्यावर बसलीयस, हाताला फडकं गुंडाळलेलं, समोर वाकळ. सगळी झालीय, फक्त मधल्या चांदणीचे दोन अर्धे जोडायचे राहिलेत.

"आलीस का? बस जवळ," तू म्हणतेस. "मला दावता येतंय, पर शिवता येईना. तू धर, मी सांगते. लय येळ न्हाई लागायचा."

मी दारातच उभी. म्हणते, "माय, माझी परीक्षा हाय. मला अभ्यास करायचाय. मला काय जन्मभर वाकळा शिवायच्यात का?"

तू वर बघतेस. रागावत नाहीस, तेच वाईट. "शीक की. कोन नगं म्हनतंय? पर हात बी शिकला पायजे, नुसतं डोस्कं शिकून भागत न्हाई," एवढंच म्हणतेस आणि सुई उचलतेस. मी पुस्तक घेऊन मागच्या अंगणात जाते. सोमवारी सकाळी वाकळ माझ्या पिशवीत असते, चांदणीच्या मधे लाल खणाचं गोल ठिगळ. होस्टेलात परतले त्याच दिवशी मी त्या ठिगळाखाली बोट घालून बघितलं. चिंचोक्याएवढं भोक होतं. तुझं बोट पुढे ताठच राहिलं, आणि नंतर शिवलेल्या प्रत्येक वाकळीला, नातीच्यासुद्धा, ते ठिगळ आलं.

आज सकाळी मी वैतागून सगळं उसवलं आणि उलट दिशेनं सुरुवात केली. आधी मधली आठ टोकं एका टाक्यात धरली, आणि तिथून कडेकडे शिवत गेले. माय, जमलं. भोक नाही, सुरकुती नाही. तू हेच सांगणार होतीस ना त्या दिवशी? पाच मिनिटांचं काम होतं.

तुझी नात आली, हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "छान झालीय. आता ते लाल गोल लाव." तेव्हा मात्र मला राहवलं नाही. ते लाल गोल कशासाठी होतं ते सांगितलं, तुझं बोट सांगितलं, परीक्षा होती म्हणून मी जवळ बसले नाही, तेही सांगितलं. ती रडली थोडी. मग माझाच हात धरून म्हणाली, "जाऊ दे मम्मी. तुझी परीक्षा होती. तू शिकलीस म्हणून तर आपण सगळे इथं आहोत. आज्जीला कळलंच असेल." आणि ती आत जाऊन झोपली. तिनं मला माफ केलं, तुझ्या वतीनं, आणि मी ते मुकाट्यानं घेतलं. तेव्हापासून मी ही कागदं काढून बसलेय. ही तिला दाखवणार नाही, आणि तुझ्याकडे धाडायची सोय नाही.

परीक्षा नव्हती गं. ती पंधरा दिवसांपूर्वीच झाली होती. त्या फडक्याला वास येत होता, मला तो सहन होत नव्हता, म्हणून मी तुझ्याजवळ बसले नाही.