चहातली साखर

प्रिय आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. मूल व्हावं म्हणून केलेला तिसरा उपचारही फुकट गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबू या. मी हो म्हटलं आणि लाँड्रीत कामाला गेले; चादरींचा ढीग पडला होता.

जप रोज करते. पूर्वी मण्यागणिक मूल मागायचे. परवा माळ संपल्यावर लक्षात आलं, मागायचं राहूनच गेलं. तरी बरं वाटलं. देवाजवळ नुसतंही बसता येतं.

बाबांचा गुडघा कसा आहे?

माझी कूस उजवावी म्हणून तू सात वर्षं बिनसाखरेचा चहा पितेस. आज देवाला सांगून मी तुला त्या नवसातून मोकळं केलं. त्याची हरकत दिसली नाही. पत्र वाचून झालं की चहा टाक, दोन चमचे साखर घालून.

तुझीच,
थोरली