ओहोटीची वेळ

रविवार, संध्याकाळ

एसटीच्या वेळांचा कागद परत मसाल्याच्या डब्याखाली ठेवला. ह्यांची वाळूजच्या कारखान्यातली पाळी बदलली, म्हणून हरिहरेश्वर यंदाही रद्द. तिथं समुद्राच्या कडेनं काळ्या खडकावरून डोंगराला प्रदक्षिणा घालतात. भरतीत ती वाट पाण्याखाली जाते, म्हणून कागदावर ओहोटीची वेळसुद्धा लिहिली होती.

सासूबाई म्हणाल्या, "खडकच बघायचा तर करमाडच्या शेतात लई पडलाय की!" सगळे हसले. मीही हसले. का हसले मी? खरंय, आपला खडकही तोच, लाव्हारसाचा. म्हणून तर बघायचंय, तो समुद्रापाशी कसा संपतो.

"मग मी एकटीच जाते," म्हटलं. हे भाकरी मोडता मोडता थांबले. "एकटी? अन् मधीच पाणी चढलं तर?"

"चढायच्या आधी वर येऊन बसेन. सहा तासांत उतरतं."

"सहा तास नुसती बसून राहशील? तुला जमायचं नाय."

मी कागदाकडं बघितलं आणि भाकरी वाढली. तेव्हा सुचलं नाही, आता सुचतंय. अकरा वर्षं ह्या घरात बसलेय की. अन् इथं तर समुद्रही नाय.