डाव्या दारावरचे ओरखडे

ठाणे, ८ जानेवारी १८८९, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची असते.
वय वीस. कॉलेज मध्येच सोडलं. कॉलेजनं मला सोडलं नाही, मी कॉलेजला सोडलं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. प्रोफेसर सगळ्यांदेखत म्हणाला, उभे राहा. उभा राहिलो आणि तसाच बाहेर चालता झालो. सध्या मामांकडे. मामा वकील. मामी जाऊन चार वर्षं झाली. घरात मामा, मी आणि गाडीवान राघो.
निश्चय: एक, चहा बंद. दोन, रागावर ताबा. तीन, कमळाबाईंशी लग्न.
कमळाबाई मुलींच्या शाळेत मास्तरीण. विधवा. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, पण मी सुधारक आहे. बक्षीस समारंभात त्या आपण होऊन माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, जरा बाजूला होता का? असा स्वर कोणी परक्याशी लावत नाही.

१० जानेवारी, गुरुवार
मामांची गाडी म्हणजे एका साहेबाच्या लिलावातली जुनी काळी शिग्राम, चारी बाजूंनी बंद घोडागाडी. रंग मूळचा उत्तम, पण करवंदीच्या जाळ्या घासून घासून दारांवर बारीक ओरखडे. मामा म्हणाले, सत्तावीस तारखेला, रविवारी, कमळाबाईंच्या काकांकडे जायचंय, लग्नाचं बोलायला. गाडी जरा बरी दिसायला हवी. तू रिकामाच आहेस, तेवढे ओरखडे घालव. मग उगाच खाकरले आणि म्हणाले, घरात पुन्हा बाई आली तर तुला चालेल ना रे त्र्यंबक?
चालेल! पायाच पडलो. मी अवाक्षर बोललो नव्हतो, तरी ओळखलं. वडिलांनी माझ्यासाठी एवढं कधी केलं नसतं.
चहा घेतला. प्रसंगच तसा होता.

१२ जानेवारी, शनिवार
संक्रांत. मामा शाळेत तिळगूळ द्यायला गेले ते दोन तासांनी आले. मिशा कातरून घेतल्यात. तंबाखू सोडली म्हणतात. माझ्यासाठी किती झिजावं माणसानं!
पॉलिशचे प्रयोग सुरू. जागा: डाव्या दाराचा खालचा कोपरा.
खोबरेल तेल: ओरखडे गायब. अर्ध्या तासात धूळ चिकटली, ओरखडे परत, आता भुऱ्या रंगाचे.
मेण आणि टर्पेंटाईन: चमक छान. दुपारच्या उन्हात पांढरे ढग आले.
लिलावात गाडीबरोबर मिळालेला विलायती डबा: बुटाचं पॉलिश निघालं. तेही वाळलेलं. साहेब लोक असले तर असले, पण लबाड.
राघो म्हणाला, काय दादा, गारी हाय का तवा घासतंस? चांगलं सुनावलं त्याला. निश्चय क्रमांक दोन उद्यापासून.

१५ जानेवारी, मंगळवार
आगगाडीनं कल्याणला जाऊन आलो. तिथे धोंडीबा म्हणून गाड्या रंगवणारा आहे. म्हातारा. नखांत कायमचा काळा रंग. म्हणाला, जुना रंग पातळ झालेला असतो पोरा, त्यातला ओरखडा काढायचा नसतो, त्याच्या कडा मोडायच्या. आपल्याकडे भाताचं तूस जाळून रांगोळी करतात ना, ती घे. जुन्या धोतरातून तीनदा चाळ. जवसाच्या तेलात कालव. तान्ह्या पोराच्या पाठीला तेल लावतोस तसा तळहात फिरव. आठ दिवस लागतील. दगडाच्या रांगोळीला मात्र हात लावू नको.
विचारलं, का नको? म्हणाला, दगड तो.
हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, तुम्ही सायन्स शिकलात का? म्हणाला, नाही बाबा, मी गाड्या रंगवल्या.
उद्धट माणूस. निघताना तुसाच्या राखेची पुडी हातात कोंबली. परतताना दिवा गावाजवळ आगगाडीच्या खिडकीतून ती खाडीकडे भिरकावली. कमळाबाई ज्या गाडीला हात लावणार, तिला चुलीतली राख?

१८ जानेवारी, शुक्रवार
जुन्या बाजारातून गाड्या बांधण्याचं इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात स्वच्छ लिहिलंय, दगडाची बारीक पूड वापरावी. कोणता दगड, ते पान वाळवीनं खाल्लंय. दगड म्हणजे दगड. कठीण वस्तू मऊ वस्तूला कापते, जितकी कठीण तितकी लवकर. तुसाला आठ दिवस, तर दगडाला एक. धोंडीबाचा सगळा जन्म राखेत गेला.
शेजारच्या ठमाबाई साताऱ्याकडच्या. त्यांच्याकडे देशावरून शिरगोळ्याच्या दगडाची पांढरीशुभ्र रांगोळी येते. डबाभर मागितली. म्हणाल्या, अरे एवढी कशाला, अंगणात काय अख्खं ठाणं काढणार आहेस? मी म्हटलं, लग्नाची तयारी. त्या म्हणाल्या, हो बाई, कानावर आलंय. चांगलं झालं हो तुझ्या मामाचं.
मामांचं! राबतोय मी, कौतुक मामांचं. या गावाची रीतच अशी.

२१ जानेवारी, सोमवार, दुपारी
गेले! रांगोळी तेलात कालवून सकाळभर घासली, आता डाव्या दारावर ओरखडा शोधून सापडत नाही. धोंडीबाला पत्र लिहिलं. दोन पानं, पैकी दीड पान सायन्स.
सायंकाळी
तेल पुसल्यावर दार करडं दिसतंय. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं. जोर कमी पडला असणार.

२२ जानेवारी, मंगळवार
जोर दिला. कडीच्या खाली तांबडं काहीतरी दिसायला लागलं. राघो म्हणाला, घास दादा, आजून घास. आता लाकूड निघल, मंग झार, मंग पाला. रांगोळीचा डबा त्याच्यावर फेकला. तो वाकला. डबा उजव्या दारावर बसला.
आता दोन्ही दारं सारखी करावी लागतील.

२४ जानेवारी, गुरुवार
लाकूड निघालं. सागवान आहे. आजकाल असं मिळत नाही.
मामा कोर्टातून आले, गाडीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, ओरखडे कुठायत? मी म्हटलं, गेले. म्हणाले, हो, आणि जाताना दार घेऊन गेले.
रागावले नाहीत. कल्याणला निरोप धाडला. धोंडीबाचा उलट निरोप, पंधरा दिवस लागतील, आणि त्या पोराला अंगणात येऊ देऊ नका. माझ्या पत्राबद्दल एक शब्द नाही. उत्तर नाही म्हणून गप्प बसला, दुसरं काय.

२७ जानेवारी, रविवार
मामा चालत गेले. तळ्याला वळसा घालून, भर उन्हात, नवा कोट घालून. मी म्हटलं, मीही येतो. ते म्हणाले, तू कशाला? बरोबरच आहे. बोलणी करायला मुलानं स्वतः जायचं नसतं. केस विंचरून ओटीवर बसलो. चहा चार वेळा. पहिल्या रात्री बोलायची चार वाक्यं पाठ केली, पैकी दोन इंग्रजी.
पाच वाजता मामा आले. बूट धुळीनं पांढरे, कपाळावर घाम, आणि हसताहेत. म्हणाले, होकार आला रे! मी धावत जाऊन मिठी मारली. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, मला धास्ती होती, तुला कसं वाटेल म्हणून. नवी मामी येणार म्हटल्यावर तू इतका खूश होशील असं वाटलं नव्हतं.

२८ जानेवारी, सोमवार
काही नाही.

३० जानेवारी, बुधवार
जेवण सोडलं. (दोन वेळचं.)
मामा स्वतःच सांगत बसले. मी विचारलं नव्हतं. कमळाबाईंना याआधी दोन स्थळं येऊन गेली. दोघंही चकचकीत गाडीतून उतरले, उपकार करायला आल्यासारखे. त्यांनी काकांना बजावलं होतं, तिसरा गाडीतून आला तर दारातूनच परत पाठवा. मामा गेले ते धुळीत माखून. काकांनी विचारलं, वकीलसाहेब, तुमची गाडी काय झाली? मामांनी सगळं सांगितलं. शिरगोळा, सायन्स, तांबडा रंग, राघोचं ते झाड आणि पाला. तर म्हणे आतल्या खोलीतून कमळाबाई हसल्या. मोठ्यानं. काका म्हणाले, सहा वर्षांत हे हसणं या घरात ऐकलं नव्हतं. मग त्या बाहेर येऊन बसल्या, आणि पुढचं सगळं सोपं झालं.
मामा म्हणाले, त्र्यंबक, गाडी नीट झाली असती तर नकार होता. तुझे उपकार आहेत बघ.
म्हणजे मी जिला हसवलं तिनं होकार मामांना दिला.
निश्चय: लग्नाला जाणार नाही. पलटणीत भरती होईन. नाहीतर काशीला.

१० फेब्रुवारी, रविवार
गेलो.
विधवेचं लग्न, म्हणून नातेवाईक कोणी फिरकले नाहीत. ठाण्यातला एकही भटजी तयार होईना. शेवटी पुण्याहून एक आला, एकच. अंतरपाटाचं दुसरं टोक धरायला माणूस नाही. मामा म्हणाले, तू धर, तू उंच आहेस.
धरलं. पडद्याच्या एका अंगाला मामा, दुसऱ्या अंगाला त्या. मनात ठरवलं, सोडायचंच नाही. काय करतील? उभे राहतील दोघं जन्मभर असेच.
मंगलाष्टकं संपली. भटजींनी त्यांचं टोक खाली केलं. मी धरून उभा. भटजी म्हणाले, अहो, सोडा की. नाही सोडलं. तेव्हा कमळाबाईंनी वर बघितलं, माझ्या डोळ्यांत, आणि हळूच म्हणाल्या, हात भरून आला असेल रे, बाळ.
सोडलं.
अक्षता टाकायला माणसं कमी होती. मी मामांच्या बाजूनं टाकल्या, मग पलीकडे जाऊन त्यांच्या बाजूनं टाकल्या.