नीलूच्या तेलाची शेवटची बाटली

२ नोव्हेंबर २००८, रविवार
सानूचं न्हाणं. दोन तास. बापलेक दोघंही रडकुंडीला. कंगव्यात एवढा गुंता निघाला की तिला दिसू नये म्हणून मुठीत लपवून कचऱ्यात टाकला. वाघोलीचं बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरतो, तेच हिच्या केसांवर. नीलू होती तेव्हाही हेच पाणी होतं आणि याच पोरीचे केस कमरेपर्यंत वाढले. फरक एवढाच, नीलू आदल्या संध्याकाळी तेल चोपडून ठेवायची. "कोरड्या केसांना हे पाणी दाखवायचंच नाही."
तिनं केलेल्या तेलाची शेवटची बाटली अर्धी शिल्लक आहे. सानू हात लावू देत नाही. "संपलं तर?" दुसरं तेलही नको. दहा वर्षांची आहे, काय वाद घालणार.
नीलूला जाऊन अडीच महिने.

५ नोव्हें.
ताईचा फोन. माझी बहीण, सल्ले फुकट वाटते. "बॉयकट कर तिचा आणि मोकळा हो." कशातून मोकळा होऊ, ते नाही सांगितलं. सानूनं ऐकलं. जेवली नाही. "आईनं वाढवलेत," एवढंच.
ऑफिसात आमच्या मजल्यावर आणखी सहा टेबलं रिकामी. मंदी. खराडीच्या कॅन्टीनमध्ये हल्ली जागा लगेच मिळते.
जेवणाच्या सुट्टीत नेटवर वाचलं. पाणी शिरलं की केस फुगतो, वाळला की आकसतो. दर न्हाण्याला असं, मग तुटतो. खोबरेल आत मुरलेलं असलं की पाणी कमी शिरतं. नीलूनं हे कुठेही वाचलं नव्हतं.

९ नोव्हें., रवि.
खडकीला फोन. सासूबाईंना तेलाची कृती विचारली. जास्वंदीची पानं, माका, कढीपत्ता, मेथ्या, घाण्याचं खोबरेल.
"किती मिनिटं उकळायचं?"
"अहो, मिनिटं कसली? पानांचा चुरचुर आवाज थांबला की उतरवायचं."
पानं धुतली, पुसली नाहीत. तेल उडालं, मनगट भाजलं. आवाज थांबला तेव्हा मी मनगट नळाखाली धरून उभा. तेल काळंठिक्कर. सानू दारात येऊन बघून गेली. 

२० नोव्हें.
शाळेच्या डायरीत बाईंचा शेरा: वेण्या नीट घालून पाठवणे. वर्गात मुली हिला झाडू म्हणतात, हे शेजारच्या काकूंकडून कळलं. मला का नाही सांगितलं, विचारलं. "तुझा कॉल चालू होता."
बरोबर आहे. कायम चालूच असतो.

११ डिसें., गुरुवार
रजा टाकली. या वेळी पानं पुसून घेतली, कान देऊन उभा राहिलो. जमलं! हिरवट, स्वच्छ. सानूनं हुंगलं. "आईचं नाहीये हे."
पुन्हा खडकीला फोन. सासूबाई आधी रडल्या, मग म्हणाल्या, नीलू नव्या तेलात जुन्यातलं दोन चमचे घालायची, विरजण घालावं तसं. लग्नानंतर तिनं त्यांच्याकडची बाटली नेली होती, तेव्हापासूनचं चालत आलंय ते.
सानू स्पीकरवर ऐकत होती. "म्हणजे ते कधी संपतच नाही?"
जाऊन ती जुनी बाटली घेऊन आली. "रविवारी. पण मीच घालणार."
किती दिवसांनी बरं वाटलं.

१४ डिसें., रवि.
लिहावंसं वाटत नाही.
थंडीनं बाटलीतलं तेल थिजलं होतं. सानूनं खिडकीत उन्हाला ठेवली. "तासभर लागेल." दहाला माझा कॉल, सॉफ्टवेअर रिलीजचा. म्हटलं आण इकडे, दोन मिनिटांत करतो. उकळत्या पाण्यात बाटली ठेवली. तडकली. तेल सगळं पातेल्यात, काचा तळाला.
ती रडली नाही. म्हणाली, "तेव्हापण कॉल संपू दे म्हणालास."
हो, म्हणालो होतो. ऑगस्टमध्ये नीलूचा डेंग्यूचा ताप अचानक उतरला, हातपाय गार पडले, उभं राहवेना, आणि मी कानाला हेडफोन लावून तिला हातानंच दहा मिनिटं थांब म्हटलं. पाऊण तास लागला. त्यानं फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर म्हणतातच तसं.
आणि आजही कॉल घेतलाच मी. लाज वाटते स्वतःची.

१५ डिसें.
पातेलं ओट्यावर तसंच होतं. सकाळी बघतो तर पाण्यावर तेलाची हिरवट पांढरी चकती धरलेली. अलगद उचलली. उन्हात वितळवली, तासभर, तिथेच बसून. ऑफिसला उशीर. पंच्यातून चार वेळा गाळलं. वाटीभर भरलं.
पण बारीकशी काच राहिली असेल तर? पोरीच्या डोक्याला कसं लावू?

१८ डिसें.
तीन दिवस माझ्याच डोक्याला लावतोय, बोटांनी खसाखसा घासून. ओरखडा नाही. केस उरलेत किती, तेल कानांवरून ओघळतं. मॅनेजर म्हणाला, "काय रे, गावच्या जत्रेला निघालास का?" हसलो.
सानू अजून बोलत नाही.

२० डिसें., शनि.
संध्याकाळी सोफ्यावर बसलो होतो. सानू मागून आली आणि माझ्या डोक्यात नाक खुपसून उभी राहिली. मी हललो नाही. डोळे पुसायलासुद्धा हात उचलला नाही.
मग स्वयंपाकघरात गेली. नव्या तेलाची बरणी आणि ती वाटी शेजारी शेजारी ठेवली, चमचा काढला.
"उद्या कॉल आहे?"
आहे. दहालाच. या वेळी कुणीही गैरहजर नको, असं मॅनेजरनं बजावलंय. सोमवारी कपातीच्या नावांची यादी वर जाणार आहे.
"नाही," म्हटलं.
माझ्याकडे बघत राहिली.
"मग उद्याच घालू," म्हणाली, आणि चमचा परत जागेवर ठेवला.